हेवी डिपॉझिट, फडके रोडपासून चालत सात मिनिटं

घराच्या डिपॉझिटच्या आठ लाखांतले सात लाख पाच हजार गेले. आकडा आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत कुणी ताटकळायला नको. कसे गेले ते सविस्तर लिहिते, कारण मुंबईत नव्याने येणारी आमच्यासारखी माणसं ज्या पद्धतीने घर शोधतात, नेमकी तीच पद्धत फसवणाऱ्या एजंटांना पाठ असते.

आम्ही कराडचे. नवऱ्याची बदली परळला झाली, मला ठाण्यात अकाउंट्सची नोकरी मिळाली. २०२५ च्या मार्चमध्ये मुलुंडला मावशीकडे येऊन राहिलो. मुलीची दुसरी जूनमध्ये सुरू होणार, त्याच्या आत घर हवं होतं. मुलुंड-ठाण्याची भाडी विचारली आणि गप्प बसलो. मग नकाशा उघडून पूर्वेकडे सरकत गेलो, सगळेच जातात तसे.

परिसर निवडायचं काम मी अंगावर घेतलं आणि खोटं कशाला सांगू, ते मी फार चांगलं केलं. बदलापूर स्वस्त होतं, पण २००५ चा पूर आणि २०१९ साली वांगणीजवळ पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस डोक्यातून जाईना. त्या गाडीने कोल्हापूरकडचं आमचं कितीतरी माणूस प्रवास करतं. विरारहून ठाण्याला माझं रोजचं जाणं होणार नव्हतं. डोंबिवलीजवळच्या पलावा टाउनशिपमध्ये इमारती देखण्या, पण कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी रिक्षात पाऊण तास बसले तेव्हाच तो विषय संपला. उरली डोंबिवली. मराठी शाळा, दादरला फास्ट लोकल, इथूनच सुटणाऱ्या गाड्या, फडके रोड, गणेश मंदिर. सासूबाईंना तर नुसत्या मंदिराच्या नावानेच पटलं.

डोंबिवलीतही डोळे मिटून गेलो नाही. एमआयडीसीच्या बाजूला नको, कारण तिथे २०१६ च्या मे महिन्यात स्फोट झाला आणि २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा झाला. नांदिवलीकडे पावसात पाणी भरतं, तेही नको. नव्या कोऱ्या इमारतीत तर नकोच. खोट्या परवानग्यांवर रेराची, म्हणजे गृहप्रकल्पांच्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवून उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात दिला होता, त्यातल्या रहिवाशांचे चेहरे आम्ही टीव्हीवर पाहिले होते. म्हणून जुनी, नोंदणी झालेली सोसायटी. एका एजंटने असं एक घर दाखवलं, आणि मी त्या गल्लीत तीन वेळा गेले. एकदा सकाळी आठला, प्लॅटफॉर्मवरची गर्दी बघायला. एकदा शनिवारी संध्याकाळी. एकदा दुपारी, पाणी कधी येतं ते विचारायला. भाजीवालीला विचारलं, डेअरीवाल्याला विचारलं, खाली शिकवणी घेणाऱ्या बाईंना विचारलं. सगळ्यांनी खरं सांगितलं. पाणी खरंच येतं, डास खरंच कमी आहेत, शाळा खरंच चालत दहा मिनिटांवर आहे.

एजंटने मला यातल्या एकाही गोष्टीत फसवलं नाही. त्याने आम्हाला घाई केली नाही, उलट म्हणाला, "ताई, तुम्ही एरिया नीट बघून घ्या, नंतर आमच्या नावाने बोलू नका." आणि परिसरातली एकेक गोष्ट खरी ठरत गेली तसा मला तोही खरा वाटत गेला. तीन आठवडे मी गल्ली तपासत होते आणि त्याच्याबद्दल एका माणसालाही विचारलं नाही.

घर वन बीएचके. भाडं पंधरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, असाच त्या भागातला भाव. तो म्हणाला, भाडं भरत बसण्यापेक्षा हेवीवर घ्या. आठ लाख एकदाच द्या, महिन्याला काही नाही, अकरा महिन्यांनी घर सोडाल तेव्हा आठच्या आठ लाख परत. मालक दुबईला असतात, त्यांच्या मुलाच्या शिक्षणाला एकरकमी पैसे हवेत, बँकेचं व्याज टाळायचंय.

आता हिशेब बघा. मी रोज हेच काम करते, त्यामुळे लाज इथेच जास्त वाटते. आठ लाख सात टक्क्यांनी ठेवीत टाकले तर मालकाला वर्षाला छप्पन्न हजार मिळतील. भाड्याने दिलं तर एक लाख ऐंशी हजार. शिक्षणासाठी आठ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी काढलं, तरी ऐंशी हजार व्याज भरून भाड्यातले लाखभर रुपये त्याच्या हातात उरतात. मग कुठला शहाणा मालक हेवीवर घर देईल? काही देतात, धंद्यात अडकलेले, कुठलं तरी जुनं कर्ज फेडायचं असलेले. हेवी डिपॉझिट म्हटलं की चोरच, असं माझं म्हणणं नाही. पण ज्या व्यवहारात समोरच्याचा वर्षाला लाखाचा तोटा दिसतो, तिथे तो तोटा का सोसतोय हे त्याच्याच तोंडून ऐकायला हवं होतं. आम्ही ऐकलं ते फोनवर. व्हॉट्सअ‍ॅपवर एक आवाज आला, "हो हो, माझाच माणूस आहे तो, सगळं त्याच्याशीच बोला." दोन मिनिटांत फोन संपला. महिन्याचे पंधरा हजार वाचणार या आनंदात आम्ही पुढे काही विचारलं नाही.

पैसे असे जमवले: चार लाखांची ठेव मोडली, दोन लाख सोनेतारण, दोन लाख सासऱ्यांच्या उसाच्या बिलातले. पाच लाख आरटीजीएसने एजंटच्या फर्मच्या खात्यावर. तीन लाख रोख, कारण "मालकांना तेवढे कॅशमध्ये हवेत". त्या तीन लाखांची पावती म्हणून त्याच्या लेटरहेडवर चार ओळी मिळाल्या.

करार पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेला. मालकाच्या जागी सही एजंटची, कुलमुखत्यार म्हणून. ते कुलमुखत्यारपत्र त्याने फाइलमध्ये लांबूनच दाखवलं. आम्ही नोंदणीचं विचारलं तर म्हणाला, आठ लाख रेकॉर्डवर आले तर स्टॅम्प ड्युटी अंगावर येईल. हे मी नंतर काढून बघितलं. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे अशा भाडेकरारावर, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. आठ लाखांचं अकरा महिन्यांचं व्याज त्र्याहत्तर हजार, त्याचा पाव टक्का दोनशे रुपयांच्या आत. वर नोंदणी फी हजार रुपये. एवढ्या पैशात तर सामानाचा टेम्पोही आला नाही.

आणि सोसायटीत हेवीचं बोलू नका, अशी ताकीद. कमिटीवाले नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस वाढवतात म्हणे. मुळात भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाला लागणारा तो चार्ज सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही. डिपॉझिट हेवी असो की हलकं, त्याचा इथे संबंधच नाही. पण या एका वाक्याने त्याने आमचं तोंड नेमक्या त्या माणसासमोर बंद केलं, ज्याच्याकडे खरा कागद होता. सेक्रेटरी काका आमच्याच जिन्यात राहतात. पाच महिने रोज "काय, गाडी मिळाली का" एवढंच बोलणं झालं.

आता अंगठ्याचं सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. सामान लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगा लॅपटॉप आणि बोटाचं मशीन घेऊन आला. पोलीस व्हेरिफिकेशन, म्हणाला. नवऱ्याचा फोटो काढला, अंगठा घेतला, माझाही घेतला. दहा मिनिटं. मी त्याला कांदेपोहे दिले. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायला असा अंगठा लागत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. तो मुलगा लिव्ह अँड लायसन्सची ऑनलाइन नोंदणी करत होता. आमच्याच नावाने, खऱ्या मालकासोबत. भाडं पंधरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार.

म्हणजे मालकाला सांगितलं, भाडेकरू मिळाले, महिना पंधरा हजार, पैसे आमच्यामार्फत येतील. आम्हाला सांगितलं, भाडं नाही, आठ लाख हेवी. आमच्या आठ लाखांतून मालकाला पन्नास हजार डिपॉझिट आणि जून, जुलै, ऑगस्ट अशी तीन महिन्यांची भाडी दिली. पंचाण्णव हजार. बाकीचे त्याचे. भाडी वेळेवर मिळतात तोवर मालक काही विचारत नाही आणि घर छान आहे तोवर आपण काही विचारत नाही.

दिवाळी झाली. आमची फडके रोडवरची पहिली दिवाळी पहाट, मुलगी नव्या परकर-पोलक्यात, फोटो गावाकडे पाठवले, सगळं झालं. नंतरच्या रविवारी दार वाजलं. साठीतलं जोडपं, हातात चकलीचा डबा.

"आम्ही या फ्लॅटचे मालक. दोन महिने भाडं आलं नाही, फोन लागत नाही, म्हटलं काही अडचण आहे का बघून यावं."

मी म्हटलं, "तुम्ही दुबईहून कधी आलात?"

काकूंनी काकांकडे बघितलं. "दुबई? अहो, आम्ही बदलापूरला असतो."

सहा स्टेशनं. नवऱ्याचा म्हणून त्यांना दिलेला मोबाइल नंबरही आमचा नव्हता. काकांनी पिशवीतून करार काढला. चौदा पानं, आमचे फोटो, आमचे अंगठे. आम्ही कपाटातून आमचा काढला. दोन्ही कागद टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग काकूंनीच गॅसवर चहा ठेवला, माझ्या स्वयंपाकघरात.

एजंटच्या गाळ्याचं शटर दसऱ्यापासून बंद होतं. पोलीस ठाण्यात आधी ऐकायला मिळालं ते असं, की हा दिवाणी मामला, वकील करा. चौथ्या खेपेला आणखी दोन कुटुंबं तिथेच भेटली, त्याच एजंटची, तेव्हा कुठे भारतीय न्याय संहितेच्या ३१८ आणि ३१६ कलमांखाली, म्हणजे फसवणूक आणि विश्वासघात, गुन्हा नोंदला. आता आम्ही सात कुटुंबं आहोत. सातही जण हेवीवाले, सातही जणांनी परिसर नीट बघून घेतला होता. रोख दिलेल्या तीन लाखांबद्दल वकील फार आशा दाखवत नाहीत. मालकाविरुद्ध काही होत नाही, व्हायलाही नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमात लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानलेला आहे, आणि नोंदणी झालेल्या करारात हेवीचा शब्दही नाही. त्यावर अंगठा आमचा आहे.

काय करता आलं असतं, ते रात्री झोप लागत नाही तेव्हा मोजत बसते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढला असता तर मालकाचं नाव कळलं असतं, त्या नावाच्या माणसाला समोरासमोर भेटता आलं असतं. पैसे त्याच नावाच्या खात्यावर गेले पाहिजेत, एजंटच्या फर्मच्या नाही, मग कुलमुखत्यारपत्र कितीही शिक्क्यांचं असो. मालक परदेशी आहे म्हणतात तर व्हिडिओ कॉल, आणि त्या कॉलवर त्याने घराचं लाइट बिल समोर धरायचं. एजंटच्या कार्डावर रेराचा नंबर होता, त्यालाही आम्ही भुललो. ती नोंदणी प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटांसाठी असते, भाड्याच्या व्यवहाराशी तिचा काही संबंध नाही. आणि अंगठा लावण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून वर काय लिहिलंय ते वाचायचं, समोरचा मुलगा कितीही गोड बोलत असला तरी. यातलं सगळं जमलं नसतं तरी चाललं असतं. सेक्रेटरी काकांना जिन्यात थांबवून "आमचा करार सोसायटीत आलाय का" एवढं विचारलं असतं, तर त्यांच्या फाइलमधली प्रत जूनमध्येच माझ्या हातात पडली असती. त्यांनी ती नंतर मला दाखवली. "मला वाटलं तुमच्याकडे असेलच," म्हणाले. बरोबरच आहे, कुणालाही तसंच वाटेल.

घर सोडलं नाही. मालक काकांनी दोन महिन्यांचं थकलेलं भाडं अर्ध्यावर आणलं, ते नको म्हटलं तरी. आता महिना पंधरा हजार थेट त्यांच्या खात्यावर जातात, सोनेतारणाचा हप्ता वेगळा. सासऱ्यांना अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. नातेवाइकांतला एकजण म्हणालाच, डोंबिवलीत गेलात तर असंच होणार. तेवढं मात्र मी ऐकून घेतलं नाही. भाजीवालीने त्या आठवड्यात पैसे न घेता पालेभाजी दिली होती, शिकवणीच्या बाई चार वेळा माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आल्या.

जुन्या कराराची मुदत संपली तेव्हा नवा करायला परत एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. काका-काकू बदलापूरहून आले होते. मी चौदा पानं वाचली, पहिल्यापासून, परिशिष्टासकट. पाणी मोटरचं कलम दोनदा वाचलं. मुलगा घड्याळ बघत होता, काकांचा चहा गार झाला. चाळीस मिनिटं लागली. मग अंगठा लावला. पोहे केले नव्हते.