नवा ऑनलाइन गेम: पहिल्याच दिवशी घ्यावा, की तीन महिने थांबावं?

अमळनेरचा भाचा विचारतोय, "मामा, प्री-ऑर्डर करू का?" म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरू का. ट्रेलर बाजूला ठेव, मग बोलू.

आधी पैसा. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, थांबलास तर सेलमध्ये बऱ्याचदा कमी. सोनीचा 'काँकॉर्ड' हा ऑनलाइन गेम 23 ऑगस्ट 2024 ला आला आणि 6 सप्टेंबरला सर्व्हर बंद! सोनीने पैसे परत दिले, पण दरवेळी तसं होत नाही.

लाँचला सर्व्हरवर झुंबड उडते. 'हेलडायव्हर्स 2' हा गेम खरोखर चांगला निघाला, तरी फेब्रुवारी 2024 मध्ये लोक लॉगिनसाठीच ताटकळले. मी एका गेमसाठी भुसावळच्या मे महिन्यात रजा टाकली होती. रात्रभर डाउनलोड, समोर कूलर, आणि पडद्यावर संध्याकाळपर्यंत 'सर्व्हर भरले आहेत'. तेवढ्यात लाइट गेली, रांगेतला नंबरही गेला. फार जीव तुटला.

सोबतीच्या बाबतीत मात्र पहिला दिवस सरस. सगळेच नवखे, एकत्र हरतात, एकत्र शिकतात. ही मजा नंतर मिळत नाही. तीन महिन्यांनी समोर मुरलेले खेळाडू असतात, नाहीतर लॉबी (सामन्याआधी खेळाडू जमतात ती जागा) ओस. पण तोवर भारतात सर्व्हर आहे का, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) किती, हे कळलेलं असतं.

चौघे मित्र त्याच रात्री बसणार असाल तर घे, पण स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर. खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात. एकटाच खेळणार असशील, किंवा दिवाळीचे साठवलेले पैसे असतील, तर थांब.