स्टुडबेकर लार्क, मॉडेल १९६०: वसंतापासून पानगळीपर्यंत चालवल्यावर

आधी गाडीची माहिती. १९६० सालची लार्क, चार दारांची, इंडियानातल्या साउथ बेंडच्या कारखान्यात बनलेली. इंजिन २५९ घन इंचांचं व्ही-८, म्हणजे सुमारे ४.२ लिटरचं, १८० अश्वशक्तीचं. गिअर तीन, दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, जोडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी जादा सोय. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. मी पिट्सबर्गला राहते. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ पावसानं धुऊन निघालं तेव्हा गाडी बाहेर काढली आणि पुन्हा मीठ पडायच्या आत ती गॅरेजात जाईल. मधल्या काळात ऑफिस, वाणसामान, पेन हिल्सचं व्यंकटेश्वर मंदिर, गणपतीतलं येणंजाणं आणि थेट साउथ बेंडपर्यंतचा लांबचा प्रवास, सगळं हिच्यावरच केलं.

लार्क बनवणाऱ्या स्टुडबेकर या अमेरिकन मोटार कंपनीचा विषय निघाला की बहुतेक जण एका वाक्यात निकाल लावतात: गाड्या मागे पडल्या, कंपनी बुडाली. ही गाडी इतके महिने चालवून आणि त्या कारखान्याचा इतिहास वाचून मला हे पटत नाही. गाडी बनवणाऱ्यांनी हातात होतं त्यातून फार चांगलं काम केलं होतं. पैसा कुठे लावायचा हे ठरवणाऱ्यांनी मात्र तो पुन्हा पुन्हा कारखान्याबाहेर जाऊ दिला.

रोजच्या वापरात सगळ्यात आधी आवडलं ते माप. लांबी साडेचार मीटरच्याही आत, आजच्या होंडा सिटीपेक्षा तोकडी. पण आत बसलं की जागा मोठ्या गाडीची. पुढच्या सीटवर तिघं आरामात, मागे माझे सहा फुटी मेहुणे गुडघे न आखडता बसतात. कारण सरळ आहे. नवी गाडी घडवायला पैसे नव्हते, म्हणून १९५३च्या मोठ्या सेडानचा मधला भाग तसाच ठेवून पुढचं आणि मागचं जादा लांबट अंग छाटून टाकलं. त्या काळची शेव्हरोले ५.३ मीटरच्या वर गेली होती, डिकीवर पंख फुटले होते, क्रोमचा झगमगाट होता. त्या गर्दीत ही नीटनेटकी, आखूड गाडी १९५८च्या शरद ऋतूत बाजारात आली आणि लोकांनी ती उचलली. १९५९ साली सुमारे १ लाख ३० हजार लार्क बनल्या आणि कित्येक वर्षं तोट्यात असलेल्या कंपनीला नफा दिसला. गॅरेजात गाडीखाली शिरून पाहिलं की ही काटकसर जागोजागी दिसते, पण ती कुठेही स्वस्तातली वाटत नाही.

इंजिनाबद्दल तर मी कितीही वेळ बोलेन. स्टुडबेकरनं हे व्ही-८ १९५१ साली आणलं, शेव्हरोलेच्या प्रसिद्ध व्ही-८च्या चार वर्षं आधी. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, ठोकून घडवलेला, ओतलेला नव्हे. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट साखळीवर नाही, थेट दातेरी चाकांवर फिरतो. व्हॉल्व्हला सॉलिड टॅपेट (आपोआप न जुळणारे ठोकळे) आहेत, त्यांची फट अधूनमधून जुळवावी लागते, पण एकदा जुळवली की शिलाई मशीन चालल्यासारखा बारीक, एकसारखा आवाज येतो. चढावर गिअर न उतरवता ओढत नेतं. बाधक बाजू वजनाची. इंजिन जड आहे आणि ते सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं. पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना खांदे दुखतात आणि वळणावर वेगात शिरलात तर नाक बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. वळणाआधीच वेग कमी करायची सवय लावून घ्यावी लागते. तेल थोडं गळतं. खाली पुठ्ठा टाकून ठेवते.

ओव्हरड्राइव्हचं तंत्र मला फार आवडलं. साधारण ताशी ३० मैलांच्या वर गेल्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय क्षणभर उचलायचा, टक्क असा हलका आवाज होतो आणि इंजिनाचे फेरे तीस टक्क्यांनी उतरतात. पुढे जायला जोर हवा असेल तर पाय पूर्ण दाबायचा, ते आपोआप निघतं. साउथ बेंडचा सुमारे ६०० किलोमीटरचा रस्ता यामुळेच सुसह्य झाला. ताशी ५५ ते ६० मैलांवर गाडी शांत चालते आणि एका लिटरला आठ किलोमीटरच्या आसपास देते. एक गोष्ट मात्र नव्या चालकानं आधीच शिकून घ्यावी. ओव्हरड्राइव्ह चालू असताना कमी वेगात गाडी मोकळी पळते, इंजिनाचा ब्रेक लागत नाही. पिट्सबर्गच्या उतारांवर हे धोक्याचं आहे. उतार सुरू व्हायच्या आधी डॅशबोर्डखालची मूठ ओढून ओव्हरड्राइव्ह बंद करायचा.

चढासाठी हिच्यात हिल होल्डर आहे. चढावर थांबलात, क्लच आणि ब्रेक दाबलात, मग ब्रेकवरचा पाय काढला तरी क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेक धरून राहतो. क्लच सुटतो तसा ब्रेक सुटतो. मंदिराच्या चढावर मागे कोणी चिकटून उभं असलं तरी मला घाम फुटत नाही. ही सोय स्टुडबेकरनं १९३६ साली आणली. त्या तारखेकडे मी नेहमी थांबते, कारण त्याच्या तीनच वर्षं आधी, मार्च १९३३ मध्ये, कंपनी दिवाळखोरीत गेली होती. महामंदीत विक्री कोसळत असताना अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किन यांनी कमाईपेक्षा कितीतरी जास्त लाभांश वाटला होता. त्याच वर्षी जुलैत त्यांनी आत्महत्या केली. पॉल हॉफमन आणि हॅरल्ड व्हान्स यांनी कंपनी पुन्हा उभी केली, नामवंत आरेखक रेमंड लोवी यांच्याकडून गाड्यांचं आरेखन करून घेतलं, १९३९ मध्ये हलकी आणि कमी पेट्रोल पिणारी चॅम्पियन आणली. एकदा बुडालेली मोटार कंपनी इतक्या दिमाखात परत आल्याची उदाहरणं अमेरिकेत फार थोडी आहेत.

खरं तर तेव्हाही ती जुनीच कंपनी होती. १८५२ साली हेन्री आणि क्लेमेंट या भावांनी साउथ बेंडमध्ये लोहारकीचं दुकान टाकलं. तिसरा भाऊ जॉन सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेला, तिथे खाणकामगारांसाठी एकचाकी हातगाड्या बनवून पैसे जमवले आणि ते आणून घरच्या धंद्यात घातले. यादवी युद्धात सैन्याला घोडागाड्या पुरवल्या. १९०२ मध्ये विजेवरची मोटार, १९०४ मध्ये पेट्रोलची. घोडागाडीवरून मोटारीवर आलेल्या बड्या अमेरिकन कारखान्यांत हाच टिकला. दुसऱ्या महायुद्धात इथले ट्रक मोठ्या संख्येनं सोव्हिएत सैन्याकडे गेले. आपल्याकडेही हे नाव अनोळखी नव्हतं. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरनं क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, तशा हिंदुस्तान मोटर्सनं उत्तरपाड्याला स्टुडबेकर जोडल्या होत्या.

मग घसरण कुठे सुरू झाली? माझ्या मते १९५३ला. लोवींच्या चमूतल्या रॉबर्ट बर्क यांनी काढलेली त्या वर्षीची दोन दारांची कूपे मला आजही अमेरिकेत बनलेल्या सगळ्यात देखण्या गाड्यांपैकी एक वाटते. पण कंपनीनं सेडान जास्त खपतील असं धरून कारखाना लावला होता आणि गिऱ्हाईक मागत होतं कूपे. कूपेचे पुढचे पत्रे नीट जुळत नव्हते, उत्पादन रखडलं. त्याच सुमारास फोर्ड आणि शेव्हरोले यांच्यात किमतींची लढाई पेटली, तिच्यात लहान कंपन्या चिरडल्या गेल्या. साउथ बेंडच्या जुन्या बहुमजली इमारतींत गाडी बनवायचा खर्चही डेट्रॉइटपेक्षा जास्त होता. १९५४ मध्ये कामगारांनी मतदान करून स्वतःची पगारकपात मान्य केली. त्याच वर्षी पॅकार्ड या दुसऱ्या मोटार कंपनीशी विलीनीकरण झालं. नंतर कळलं की तोटा टाळायला वर्षाला दीड-पावणेदोन लाख गाड्या पुरतील असं जे सांगितलं होतं, तो आकडा प्रत्यक्षात पावणेतीन लाखांच्या वर होता. १९५८ मध्ये पॅकार्ड हे नावच संपलं.

म्हणून लार्कला मी एवढं महत्त्व देते. तिनं कंपनीला श्वास घ्यायला वेळ मिळवून दिला. पण १९६०च्या मॉडेलांत फोर्डची फाल्कन, शेव्हरोलेची कॉर्व्हेअर आणि क्रायस्लरची व्हॅलियंट आली, आणि स्टुडबेकरबरोबर या बड्या कंपन्यांच्याही गाड्या विकणाऱ्या डीलरांनी स्टुडबेकर सोडली. लार्कनं कमावलेला पैसा नव्या गाडीत घालायची हीच वेळ होती. संचालकांनी तो दुसऱ्या धंद्यांत घातला: जनरेटर, बागकामाची यंत्रं, इंजिन ऑइलमध्ये घालायचं एसटीपी. शेरवूड एगबर्ट अध्यक्ष झाल्यावर मोटारींवर खरं प्रेम असलेला माणूस आला. त्यांनी लोवींकडून फायबरग्लासची अवंती करून घेतली, १९६२ मध्ये ती लोकांसमोर आली, पुढे डिस्क ब्रेक होते. पण बॉडी जुळवताना अडचणी आल्या, गाड्या वेळेत मिळेनात, आणि साउथ बेंडमध्ये पाच हजारांपेक्षाही कमी अवंती बनल्या. आजारपणामुळे एगबर्ट यांनी पद सोडलं आणि लगेच ९ डिसेंबर १९६३ला कारखाना बंद करायची घोषणा झाली. २० डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर, तिथली शेवटची गाडी बाहेर पडली. कॅनडात हॅमिल्टनला मार्च १९६६पर्यंत काम चाललं.

साउथ बेंडच्या संग्रहालयात ती हॅमिल्टनची शेवटची हिरवट-निळी क्रूझर आहे. अब्राहम लिंकन ज्या बग्गीतून फोर्ड नाट्यगृहाला गेले ती बग्गीही तिथेच आहे. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते पेन्शनचं. कारखाना बंद झाल्यावर पेन्शनच्या निधीत पुरेसे पैसे नव्हते. साठीच्या पुढच्यांना पूर्ण पेन्शन मिळालं. चाळीस ते साठ या वयातल्या, पेन्शनवर हक्क झालेल्या सुमारे चार हजार कामगारांच्या हाती हक्काच्या पंधरा टक्के रक्कम आली. तरुणांना काहीच नाही. ज्यांनी आधी पगार कापून घेतला होता, त्यांच्यातलेच हे लोक. हे प्रकरण अमेरिकेत वर्षानुवर्षं गाजलं आणि १९७४च्या पेन्शन कायद्यामागे त्याचा मोठा हात होता. मी इथे नोकरी करते, माझ्याही पगारातून निवृत्तीचे पैसे जातात. त्या कायद्याचं संरक्षण मला आहे, आणि ते कुणाच्या नुकसानीतून आलं हे मला आता ठाऊक आहे.

आता त्रासाच्या बाजू. गंज हा मुख्य शत्रू. पुढच्या मडगार्डच्या वरच्या भागात आतून चिखल साचतो आणि पत्रा तिथूनच खातो. पायाखालचा पत्रा आणि चॅसीचे मागचे आडवे भागही ठोकून बघावे लागतात. मडगार्ड बोल्टवर बसवलेले असल्यानं बदलणं सोपं आहे, चॅसी कुजली तर गाडी घेऊ नये. पुढच्या चाकांना किंगपिन, म्हणजे चाक ज्यांच्याभोवती वळतं ते खिळे, आहेत, त्यांना नियमित ग्रीस हवं. नाही दिलं तर स्टिअरिंग आणखी जड होतं. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं फ्यूल पंपाचा जुना रबरी पडदा फुगून कामातून गेला. नव्या रबराचा किट घातल्यावर तक्रार राहिली नाही. कडक उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकलं तर पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. बॉनेट उघडून थांबायचं. ड्रम ब्रेक पहिल्या दाबाला चांगले, लागोपाठ दाबत राहिलं की पकड कमी होते. सीटबेल्ट नंतर बसवून घेतले आहेत. आजच्या गाडीइतकी सुरक्षा हिच्यात नाही, म्हणून मी लहान मुलांना हिच्यात नेत नाही आणि पावसात हायवेवर जात नाही.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. मिळतात, आणि सहज. कारखाना बंद पडला तेव्हा भागांचा प्रचंड साठा मागे उरला होता. तो व्यापाऱ्यांच्या हातून फिरत अजून विकला जातो. मी मागवलेला मागच्या ब्रेकचा सिलिंडर स्टुडबेकरच्या मूळ खोक्यातून आला. मालकांचा क्लब १९६२पासून, म्हणजे कारखाना चालू असल्यापासून आहे, आणि त्यातली वडीलधारी माणसं फोनवर तासभर बोलून एखादी अडचण सोडवून देतात. एका आजोबांनी व्हॉल्व्हची फट कशी मोजायची ते मला स्वतः घरी येऊन शिकवलं.

कुणी घेणार असेल तर माझा सल्ला: व्ही-८ आणि ओव्हरड्राइव्ह असलेलीच बघा. १९६१ला आलेलं सहा सिलिंडरचं नवं इंजिन घेताना हेडला तडा आहे का ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नका, त्या हेडची ती जुनी खोड आहे. रंगाला भुलू नका, खाली झोपून पत्रा बघा. आणि साउथ बेंडमध्ये बनलेली असेल तर गाडीचा क्रमांक संग्रहालयाला कळवून मूळ उत्पादन-पत्राची प्रत मागवा. कारखान्यातून निघताना तिच्यात कोणतं इंजिन होतं, रंग कोणता, काय काय बसवलं होतं आणि ती कोणत्या डीलरकडे गेली, हे सगळं त्यात असतं. विकणाऱ्यानं सांगितलेलं त्याच्याशी ताडून बघा आणि मगच किमतीचं बोला. माझ्या गाडीचं इंजिन, ओव्हरड्राइव्ह आणि हिल होल्डर तिन्ही त्या पत्राप्रमाणे मूळचेच निघाले. या हिवाळ्यात किंगपिन बदलायचे आहेत, भाग येऊन पडलेत.