मोठ्या अक्षरांचं मराठी अभ्यास बायबल: संहितेला पैकीच्या पैकी, टिपांना काठावर पास

ज्यांना फक्त घ्यावं की नाही एवढंच विचारायचंय त्यांच्यासाठी आधी सांगते. घ्या. अक्षर खरोखर मोठं आहे. कागद पातळ असला तरी मागच्या पानाची शाई डोळ्यांत येत नाही. शिलाई दोऱ्याची आहे, त्यामुळे टेबलावर उघडं ठेवलं की उघडंच राहतं, मधूनच मिटत नाही. वजन मात्र भरपूर. उपासनेत उभं राहून शास्त्रपाठ वाचणाऱ्यांनी मनगटाला विचारून घ्यावं. पाचपैकी साडेतीन तारे दिलेत. दीड तारा कुठे गेला ते आता सविस्तर.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, अहिल्यानगर जिल्ह्यातली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला मंडळाचा बायबल अभ्यास माझ्याकडे असतो. यंदा विषय घेतला ‘दुसऱ्या फळीतली माणसं’. दावीद, मोशे, पौल यांच्यावर आम्ही इतकं ऐकलंय की पाळक साहेबांनी पहिलं वाक्य उच्चारलं की दुसरं आम्हीच म्हणू. आणि माझं मत असं की अभ्यास बायबल, म्हणजे वचनांखाली संपादकांच्या टिपा असलेलं बायबल, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावरून किंवा योहान ३ वरून जोखूच नये. तिथे सगळेच टिपा ओततात. २ शमुवेल २३ उघडायचा. नावांची यादी असलेल्या पानावर संपादकाने किती घाम गाळलाय ते लगेच दिसतं.

त्या अध्यायात दावीदाच्या शूर वीरांची यादी आहे. सगळ्यांत वर तिघे, मग तीस, आणि या दोहोंच्या मध्ये अडकलेले दोघे, अबीशय आणि बनाया. अबीशयाने भाला उगारून तीनशे जणांना मारलं. बनायाने मवाबाचे दोन योद्धे लोळवले, बर्फ पडलेल्या दिवशी खड्ड्यात उतरून सिंह मारला, आणि नुसती काठी घेऊन एका मिसऱ्यावर, म्हणजे इजिप्तच्या माणसावर, गेला, त्याच्याच हातातला भाला हिसकावून त्याच भाल्याने त्याला संपवलं. तीस जणांपेक्षा बनायाचा मान मोठा होता असं वचन सांगतं. आणि लगेच पुढे सांगतं की त्या तिघांच्या बरोबरीला तो आला नाही. अबीशयाबद्दलही तेच. गौरव आणि मर्यादा शेजारी शेजारी, आणि मध्ये सांत्वनाचा एक शब्द नाही.

आता टीप बघा. या अभ्यास बायबलात या दोघांवर मिळून चार ओळी आहेत आणि त्यांचा सारांश असा की देव लहान सेवकांनाही विसरत नाही. लहान? खड्ड्यात उतरून सिंह मारणारा माणूस लहान? बनाया दावीदाच्या अंगरक्षकांचा प्रमुख होता, करेथी आणि पलेथी या अंगरक्षक तुकड्या त्याच्या हाताखाली होत्या. तो लहान नव्हता, पहिल्या तिघांत नव्हता एवढंच. या दोन गोष्टी एकच समजणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. पहिला नंबर हुकलेल्या मुलाला आपण उत्तेजनार्थ बक्षीस देऊन मोकळे होतो. वचनाने तसं काही केलेलं नाही. त्याने कामं नावानिशी नोंदवली आणि पायरीही तितक्याच स्वच्छपणे नोंदवली.

आमच्या गटात अंगणवाडीत मदतनीस म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्यांनी हा भाग वाचल्यावर थेट विचारलं, “बाई, मग त्यानं अजून काय करायला पाहिजे होतं हो?” टीप पुन्हा वाचली, उत्तर नाही. खरं तर त्या तिघांत जायचा नियम वचनही सांगत नाही. पण थोडं वर सरकून वाचलं तर अंदाज बांधता येतो. तिघांपैकी एलाजाराची गोष्ट अशी की बाकीचे इस्राएली मागे हटले तेव्हा तो एकटा लढत राहिला, हात तलवारीला चिकटून बसेपर्यंत. शम्माची गोष्ट अशी की लोक पळून गेले तेव्हा तो मसुरीच्या शेतात मधोमध उभा राहिला आणि ते शेत राखलं. सगळे पळाले तेव्हा जो थांबला, त्याला बहुधा वरचं पान. हा माझा तर्क आहे, संपादकांचा नाही. त्यांनी या ठिकाणी पान कोरंच सोडलंय. त्याऐवजी बेथलेहेमच्या विहिरीचं पाणी आणणाऱ्या तिघांवर अर्धं पान खर्ची घातलंय, आणि ते तिघे म्हणजे हेच पहिले तिघे असं ठोकून दिलंय. वचनात त्यांची नावं नाहीत. तीस प्रमुखांपैकी तिघे एवढंच आहे.

कौतुक करायचं तर संदर्भ-वचनांचं. मधल्या बारीक रकान्यात जे संदर्भ दिलेत ते अप्रतिम आहेत, आणि टिपा वगळून नुसत्या त्या रकान्यावर आम्ही अबीशय आणि बनाया यांची चरित्रं उभी केली. अबीशय म्हणजे दावीद राजाचा सेनापती यवाब याचा भाऊ. दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल झोपलेला असताना रात्री दावीदाबरोबर छावणीत उतरलेला हाच. “एकाच घावात संपवतो” या थाटात तो तयार होता, दावीदाने अडवलं. शौलाच्या घराण्यातला शिमी दावीदाला शिव्याशाप देत धोंडे मारत होता तेव्हा त्याचं डोकं उडवायला निघालेलाही हाच, पुन्हा दावीदानेच अडवलं. आणि दोनच अध्याय मागे, २ शमुवेल २१ मध्ये, थकलेल्या दावीदाला एक धिप्पाड पलिष्टी मारणार होता तेव्हा मध्ये पडून राजाचा जीव वाचवणाराही हाच. त्यानंतरच लोकांनी शपथ घातली की राजाने आता लढाईला येऊ नये, इस्राएलाचा दीप विझायला नको. राजाचा प्राण वाचवूनही तिघांत नाही! त्या मदतनीस बाईंनी यावर नुसतं “हं” केलं.

आणखी एक गंमत रकान्यामुळेच सापडली. यादीत यवाब नाहीच. सेनापती असून नाही. त्याचा भाऊ अबीशय आहे, दुसरा भाऊ असाएल आहे, यवाबाची शस्त्रं वाहणारा माणूससुद्धा आहे. एकूण सदतीस, आणि शेवटचं नाव उरीया हित्ती, ज्याची बायको दावीदाने घेतली आणि ज्याला लढाईत मरायला धाडलं तोच. हे नाव शेवटी वाचताना आमच्या खोलीत कुणी काही बोललं नाही. टीप इथेही गप्प, पण इथे गप्प बसणं मला आवडलं.

मागची परिशिष्टं कामाची आहेत. वजनं-मापांच्या तक्त्यात हात म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर दिलंय. १ इतिहास ११ मध्ये त्या मिसऱ्याची उंची पाच हात आहे, म्हणजे साधारण साडेसात फूट, आणि त्याचा भाला कोष्ट्याच्या मागाच्या दांड्याएवढा. संडे स्कूलच्या मुलांना दावीदाने मारलेला धिप्पाड गल्याथ पाठ असतो. बनायाची ही गोष्ट सांगितल्यावर त्यांचे डोळे तितकेच मोठे होतात, करून पाहा.

बनायाचा शेवट मात्र संपादकांनी गुळगुळीत केलाय. १ राजे २ वर टीप म्हणते की त्याच्या निष्ठेचं फळ म्हणून दावीदानंतर राजा झालेल्या त्याच्या मुलाने, शलमोनाने, बनायाला सेनापती केलं. पद मिळालं हे खरं. पण ते यवाबाच्या जागी मिळालं, आणि यवाबाला मारलं बनायानेच, तो आश्रयासाठी वेदीची शिंगं धरून बसलेला असताना. आधी बनाया कचरला, बाहेर ये म्हणाला, यवाब येईना तेव्हा राजाला विचारायला परत गेला. राज्यावर हक्क सांगणारा शलमोनाचा भाऊ अदोनीया, त्यालाही त्यानेच मारलं, शिमीलाही. ‘निष्ठेचं फळ’ असं लिहून हे सगळं झाकायचं असेल तर अभ्यास बायबल कशाला म्हणायचं? आमच्या गटातल्या अर्ध्या जणींना बनाया इथे नकोसा झाला. मला नाही झाला, पण तो वाद व्हायला हवा होता आणि टिपेने तो होऊ न देण्याची सोय केली होती.

नव्या करारात तोच प्रकार. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी दोघांची नावं पुढे आली, योसेफ बर्सबा आणि मत्थिया. दोघेही योहानाच्या बाप्तिस्म्यापासून बरोबर होते, पात्रता सारखी. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. मत्थियावर परिच्छेद आहे, योसेफावर ओळ नाही. शौलाचा मुलगा योनाथान, त्याच्यावर पानभर मैत्री आहे, पण तो दावीदाला म्हणाला होता की तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन, यावर काही नाही. राजपुत्राने आपल्या तोंडाने दुसरी जागा मागितली, आणि गिलबो डोंगरावरच्या लढाईत मेल्यामुळे तीही मिळाली नाही. एवढं हाताशी असताना सोडायचं म्हणजे कमाल आहे.

सुरुवातीला मराठी बायबलच्या इतिहासावर छोटा लेख आहे. विल्यम कॅरी, १८११ चा नवा करार, पंडिता रमाबाईंचं भाषांतर, १९२४. ठीक. कॅरींना मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित नाहीत, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या मुली-बायकाही नाहीत. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. पुस्तक छापून बाहेर काढणारे हात मागे राहिलेल्यांचे होते. दोन ओळी वाढल्या असत्या तर कागद महागला नसता.

घेताना एक बघा. चेनवाली आणि साधी अशा दोन आवृत्त्या मिळतात. चेनवाल्या प्रतीत पानांच्या कडा चेनीत अडकतात आणि कडेच्या पुस्तकांच्या नावांच्या खाचा फाटायला लागतात, विशेषतः स्तोत्रसंहितेची, कारण ती सगळ्यांत जास्त उघडली जाते. साधी घ्या, वर खाकी कागदाचं कव्हर घाला. आणि बरोबर एक दोनशे पानी वही घ्या, टिपा त्यात स्वतःच लिहाव्या लागणार आहेत.