बोनेट थंड होतं आणि मी ४१,५०० रुपये मोजून दिले

आमची स्कॉर्पिओ २०११ची आहे. डिझेल, एमहॉक इंजिन, २ लाख १४ हजार किलोमीटर झालेली. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हौसेनं घेतलेली. १५ वर्षं भरत आली म्हणून नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, ग्रीन टॅक्स सगळं एकदम अंगावर आलेलं. त्यात मामांचं डोळ्याचं ऑपरेशन संभाजीनगरला झालं, महिन्यातून दोनदा तपासणीला न्यावं लागतं. हे पुण्याला नोकरीला, त्यामुळे गाडी मीच चालवते.

परतीच्या वाटेवर बीड सोडलं, मांजरसुंब्याचा घाट लागला आणि गाडीनं दम टाकला. तिसऱ्यावर ओढेना, दुसऱ्यावर रडतखडत. मागे काळाकुट्ट धूर. रेस दिली की बोनेटखालून फुस्स आवाज यायचा. तो आवाज लक्षात ठेवा, खरा बिघाड तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी गाडी लातुरातल्या एका गॅरेजला लावली. भाऊजींच्या ओळखीचं गॅरेज, म्हणून विश्वास टाकला. फुस्स आवाजाचं मी स्वतः सांगितलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, "टर्बोच बोलतोय तो, ताई." टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: काढून ठेवलेला टर्बो, तोंडाशी तेल. खाली मेसेज, "पार बसलाय. असाच चालवला तर इंजिन ऑइल ओढंल आन् रस्त्यात बंदच होणार नाही." म्हणजे चावी काढली तरी इंजिन त्या ऑइलवर पळतच राहील. घरात मामा, पुढच्या तपासणीची तारीख आठवड्यावर. मी घाबरले. कोणीही घाबरलं असतं.

आज कळतंय ते तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! जुन्या डिझेल गाडीच्या टर्बोच्या पाइपात थोडं तेल असतंच, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून येतं. टर्बोचं सील जाऊन ऑइल जळायला लागलं तर धूर निळसर येतो. आमचा धूर काळा होता. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर आणि इंटरकूलरची (टर्बोनं दाबलेली हवा थंड करतो तो) होज, म्हणजे रबरी नळी बघायची असते.

बिल असं झालं: टर्बो ३२,०००, मजुरी ४,५००, ऑइल आणि फिल्टर ३,८००, स्कॅनिंग १,२००. एकूण ४१,५००. त्यातले २०,००० आधी फोनवरून पाठवले होते. उरलेले २१,५०० त्यानं रोख मागितले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी वाढेल. वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले, सही नाही, शिक्का नाही. जुना टर्बो मागितला तर, "तो एक्स्चेंजमध्ये जातो ताई, नाहीतर ह्या रेटला बसत नाही." जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका, एक्स्चेंजचं म्हणाला तर ज्या दुकानातून नवीन आणला तिथलं बिल मागा.

आणि तो क्षण. मी म्हटलं, नवीन टर्बो दाखवा. त्यानं बोनेट उचललं, लांबूनच बोट केलं आणि लगेच आपटलं. "हात घालू नका, लई गरम आहे. आत्ताच ट्रायल मारून आणली." मी मान हलवली. पर्स बोनेटवर ठेवली, डावा हात पत्र्यावर टेकवला आणि पाचशेच्या ४३ नोटा मोजल्या. तो पत्रा गार होता. सकाळपासून सावलीत उभ्या गाडीचा असतो तसा गारेगार. हाताला कळलं होतं. डोक्यात शिरलं नाही, कारण मला चारच्या आत घरी पोहोचून मामांना औषधाचे थेंब घालायचे होते. तो हात अजून आठवतो आणि झोप लागत नाही.

मला अडाणी समजू नका. ऑइल कधी बदललं, ब्रेक पॅड कधी टाकले, सगळं किलोमीटरसकट माझ्या वहीत आहे. बाईमाणूस म्हणून फसले असंही म्हणू नका, भाऊजी शेजारीच उभे होते.

अकराव्या दिवशी अंबाजोगाईच्या अलीकडे तोच धूर, तोच आवाज. तिथल्या एका वयस्कर मिस्त्रींनी मला रेस द्यायला लावली आणि स्वतः इंटरकूलरच्या होजखालून हात फिरवला. हात काळा, तेलकट होऊन बाहेर आला. होजला खालच्या अंगानं बोटभर चीर होती, आणि त्या चिरेवर काळी टेप गुंडाळलेली. "ही टेप कोणी मारली, माय?"

म्हणजे लातूरच्या गॅरेजवाल्याला खरा बिघाड सापडला होता. सापडला, टेप मारली आणि मला टर्बोचे पैसे लावले. मिस्त्रींनी टर्बोवरची नंबराची पट्टी फडक्यानं पुसली, मी फोटो काढला. गॅरेजवाल्यानंच मला पाठवलेल्या जुन्या टर्बोच्या फोटोत तीच पट्टी, तोच नंबर. घासूनपुसून तोच परत बसवलेला. नवीन होज १,८५०, मजुरी ३००. गाडी घाट चढली. कुठलाही मोठा पार्ट बदलायच्या आधी त्याच्या नंबराचा फोटो तुमच्या फोनवर काढा.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्ताला गेलेत." दुसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्यांदा "हा दिवाणी मामला आहे, बाई, ग्राहक मंचात जा." पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, फसवणुकीचं कलम अजून काय वेगळं असतं? दोन फोटोंत एकच नंबर दिसतोय, ते फोटो तरी बघा म्हटलं; कोणी फोन हातातसुद्धा घेतला नाही. आरटीओत म्हणाले गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार क्रमांक मिळाला, मग बिलावरचा जीएसटी नंबर मागितला. तो असता तर रडणं कशाला होतं! ज्यानं पक्कं बिल दिलं नाही तोच सुटतो, आणि जाब आपल्याला विचारतात.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही. हे मला कुठल्याही टेबलावर कोणी सांगितलं नाही, स्वतः शोधलं. प्रतिज्ञापत्रासाठी दोनदा परत पाठवलं, तरी दाखल केलं.

दाखल केल्याचं कळल्यावर गॅरेजवाल्याचा निरोप भाऊजींकडे आला, पाच हजार घ्या आणि विषय मिटवा. मी नाही म्हटलं. रोख दिलेल्या २१,५००चा कागद माझ्याकडे नाही, फोनवरच्या २०,०००चा आहे. ती फाटकी होज टेपसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलीय. तारखेला तीच घेऊन जाणार आहे.