बेल अँड सबॅस्टियन की किंग क्रिओसोट : ऐकायला सुरुवात कोठून करावी?

स्कॉटलंडच्या लो-फाय इंडी-फोक संगीताकडे, म्हणजे साध्या साधनांनी मुद्रित केलेल्या, लोकगीतांच्या वळणाच्या स्वतंत्र संगीताकडे, नव्याने वळणाऱ्या श्रोत्यापुढे बहुधा दोन नावे येतात. एक ग्लासगोचा बेल अँड सबॅस्टियन हा बँड आणि दुसरे पूर्व स्कॉटलंडमधल्या फाइफ या परगण्याच्या किनाऱ्यावरचा किंग क्रिओसोट, म्हणजे केनी अँडरसन. यातले दुसरे नाव एका गायकाचे आहे, त्यामुळे ही तुलना विषम वाटू शकेल. पण अँडरसनभोवती भाऊ, मित्र आणि शेजारी यांचा इतका गोतावळा सतत राहिला आहे की त्याला एकटा गायक म्हणणेही तितकेच अपुरे ठरेल. दोघांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत साधेपणा आहे. मात्र ग्लासगोत तो परिस्थितीतून आला आणि फाइफमध्ये स्वभावातून, आणि निवड करताना हाच फरक सर्वांत उपयोगी पडतो.

बेल अँड सबॅस्टियनचा गीतकार-गायक स्टुअर्ट मर्डॉक दीर्घ थकव्याच्या आजारामुळे सुमारे सात वर्षे जवळजवळ घरातच अडकून पडला होता आणि गाणी लिहिण्याची सवय त्याला त्याच काळात लागली. बेरोजगार संगीतकारांसाठी चालणाऱ्या एका प्रशिक्षणवर्गात त्याची बासवादक स्टुअर्ट डेव्हिडशी गाठ पडली. ग्लासगोच्या स्टो कॉलेजात संगीत-व्यवसायाचा अभ्यासक्रम शिकणारे विद्यार्थी इलेक्ट्रिक हनी नावाची छोटी कंपनी चालवीत आणि एरवी एक-दोन गाण्यांची तबकडीच काढीत. मर्डॉकच्या बँडकडे मात्र गाणी इतकी साठली होती की थेट पूर्ण अल्बमच करायचे ठरले. ‘टायगरमिल्क’ तीन दिवसांत मुद्रित झाला आणि जून १९९६ मध्ये त्याच्या केवळ १,००० एलपी निघाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जीपस्टर कंपनीने ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ प्रसिद्ध केला. गाण्यांच्या दृष्टीने हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम, असे माझे मत आहे. चर्च, बससेवा, शाळा, नोकरीचा कंटाळा अशा सामान्य जगण्यातली माणसे मर्डॉक दोन-चार ओळींत अशी उभी करतो की ती ओळखीची वाटू लागतात. ध्वनी मात्र किरटा आहे, आणि तो कोणी मुद्दाम तसा ठेवलेला नव्हता. २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात बँडने हा संपूर्ण अल्बम पुन्हा वाजवला आणि ते मुद्रणही प्रसिद्ध केले. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास पहिल्यात काय उणे होते ते कळते, आणि त्या उणिवेतच थोडी गोडी होती हेही कळते.

पुढची वाट सरळ आहे. १९९७ मध्ये तीन ईपी (अल्बमहून छोट्या, तीन-चार गाण्यांच्या तबकड्या) आले आणि १९९८ मध्ये ‘द बॉय विथ द अरब स्ट्रॅप’. १९९९ मध्ये बँडला ब्रिटिश संगीतव्यवसायाचा, नवोदितांसाठीचा ब्रिट पुरस्कार मिळाला आणि २००३ च्या अल्बमला तर ट्रेव्हर हॉर्नसारखा चकचकीत पॉप निर्माता लाभला. तिथून पुढे आवाज भरीव आणि नृत्यास अनुकूल होत गेला. तो वाईट नाही, पण ज्याला आरंभीचा साधेपणाच हवा आहे त्याच्यासाठी हा साठा तीन अल्बम आणि तीन ईपी एवढ्यावर संपतो.

किंग क्रिओसोटचा साठा लवकर संपत नाही, आणि अडचण तीच आहे. १९९० च्या दशकात अँडरसनने फेन्स हा उद्योग उभा केला. घरी मुद्रण करायचे, सीडी-आरवर, म्हणजे कोऱ्या सीडींवर, प्रती काढायच्या आणि ओळखीच्यांत विकायच्या, असा त्याचा खाक्या. आजवर त्याच्या नावावर चाळीसहून अधिक अल्बम आहेत. त्यांतले पुष्कळ आता हाती लागणे कठीण आणि दर्जा कमीजास्त. २००५ नंतर मोठ्या कंपन्यांनीही त्याचे अल्बम काढले, तरी त्याच्या गाण्याची घडण फारशी बदलली नाही. वडील अकॉर्डियनवादक असल्यामुळे ते वाद्य त्याच्या हाती सहज आले आणि पेटीच्या सुरावर वाढलेल्या आपल्या कानांना ते लगेच जवळचे वाटते.

या पसाऱ्यात शिरण्याचे खात्रीचे दार म्हणजे लंडनचा इलेक्ट्रॉनिक संगीतकार जॉन हॉपकिन्स याच्यासह केलेला ‘डायमंड माइन’ (२०११). दोघांनी अधूनमधून काम करीत सुमारे सात वर्षे त्यावर घालवली. जुनीच गाणी निवडून ती नव्याने मांडली आहेत आणि भोवती फाइफमधले खरे आवाज ठेवले आहेत. आरंभीच चहाच्या दुकानातली कुजबुज आणि कपबश्यांची किणकिण ऐकू येते. इथे साधेपणा घाईतून आलेला नाही, तो अतिशय सावकाश घडवलेला आहे. सात गाणी, अवधी जेमतेम अर्ध्या तासाहून किंचित जास्त. वर्षातल्या सर्वोत्तम ब्रिटिश वा आयरिश अल्बमला मिळणाऱ्या मर्क्युरी पुरस्काराच्या त्या वर्षीच्या अंतिम यादीत हा अल्बम होता. २०१४ चा ‘फ्रॉम स्कॉटलंड विथ लव्ह’ अधिक भरदार आहे, कारण तो जुन्या चित्रफितींतून जुळवलेल्या माहितीपटासाठी रचला होता.

शब्दांसाठी गाणी ऐकणाऱ्याने ‘सिनिस्टर’ घ्यावा. मर्डॉकचा नाजूक, काहीसा लाडिक गळा पहिल्या दोन गाण्यांत खटकला, तर तो पुढेही खटकण्याचीच शक्यता अधिक. रात्री दिवा मालवून सलग काही ऐकण्याची सवय असलेल्याने ‘डायमंड माइन’पासून आरंभ करावा. अँडरसनच्या फाइफी उच्चारांमुळे पहिल्या खेपेस निम्मे शब्द निसटतील, तरी त्याने फारसे बिघडत नाही. मला स्वतःला एकच निवडायचा झाला तर मी ‘डायमंड माइन’ घेईन, आणि ‘टायगरमिल्क’ त्यानंतरच्या आठवड्यासाठी ठेवीन.