साधी टीम की भारी टीम?

वहिनी, न्यू जर्सीतल्या दोन ट्रॅव्हल सॉफ्टबॉल टीमपैकी (म्हणजे गावोगावी स्पर्धांना जाणाऱ्या क्लब टीम) लेकीसाठी कुठली घ्यावी, असं विचारलंत: साधी, जिथे तिला रोज खेळायला मिळेल, की भारी, जिथे खेळाडू तगड्या पण तिला बाकावर बसावं लागेल.

प्रत्यक्ष खेळायला मिळणं बघाल तर साधी टीम सरस. बारा वर्षांखालच्या गटात पिचर ४० फुटांवरून चेंडू टाकते, चौदाखालच्यात ४३. हे अंतर अंगवळणी पडतं ते सामन्यातच. बाकावर बसून बॅटिंगचं टायमिंग जमत नाही, आणि पोरगी हिरमुसते ते वेगळंच.

सराव मात्र भारी टीमचाच चांगला, कारण वेगवान पिचिंग सतत समोर येतं. खर्च दोन्हीकडे आहेच; लांबच्या स्पर्धा म्हणजे हॉटेलं वाढली.

कॉलेजची घाई नको. डिव्हिजन वनचे (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तराचे) कोच अकरावीच्या १ सप्टेंबरआधी कॉलेज टीममधल्या भरतीबद्दल मुलीशी बोलूच शकत नाहीत.

अकरा-बाराची, अजून शिकणारी असेल तर साधी टीम. सोळाची, जागेसाठी झगडायची तयारी असलेली असेल तर भारी.