हॅनकॉकचा रविवार: 'ट्रिम सायलेन्स' बंद करा, मगच ऐका

'हॅनकॉक्स हाफ अवर' या बीबीसीच्या विनोदी रेडिओ मालिकेतला 'संडे आफ्टरनून ॲट होम' हा भाग लाइट प्रोग्राम या तिच्या करमणुकीच्या रेडिओ वाहिनीवर २२ एप्रिल १९५८ रोजी लागला. लेखक रे गाल्टन आणि ॲलन सिम्पसन. कथानक सांगायचं तर नाहीच. बाहेर पाऊस, जेवणं झालेली, आणि ईस्ट चीम या लंडनच्या उपनगरातल्या घरात टोनी हॅनकॉक, सिड जेम्स, बिल कर आणि हॅटी जॅक्स वेळ कसा काढावा या विवंचनेत.

सुरुवात उसाशांनी आणि जांभयांनी होते. किती वाजले, तर दोन. एवढेच? मग शांतता. रेडिओवर शांतता म्हणजे ऐकणाऱ्याला वाटणार, संच बिघडला. इथे तीच विनोदाचं काम करते. हॅनकॉक गप्प बसतो, स्टुडिओत समोर बसलेल्या प्रेक्षकांतून आधी एक बारीक खुसखुस येते, ती पसरते, आणि हशा ओसरत आला की तो पुन्हा एक सुस्कारा सोडतो. वॉलपेपरच्या नक्षीत त्याला पाइप ओढणारा म्हातारा दिसू लागतो, तो प्रसंग तर निव्वळ कंटाळ्यावर उभा आहे.

म्हणूनच पॉडकास्टच्या ॲपमधून ऐकणार असाल तर 'ट्रिम सायलेन्स' आधी बंद करा. ते चालू असलं की ॲप ठराविक पातळीखालचा आवाज रिकामा समजून कापतं, आणि वाक्यं एकमेकांवर आदळतात. वेग १ वरच ठेवा. दीडपट वेगात हा माणूस कंटाळलेला न वाटता घाईत असल्यासारखा वाटतो. आवाज आपोआप समान करणारी सोयही नको, शांततेत मागची खरखर वर येते. रेकॉर्डिंग मोनो आहे, त्यामुळे एक साधा स्पीकर पुरे. मात्र इंदूरच्या मे महिन्यात कूलर चालू असेल तर अर्धे उसासे त्यातच जातील. इअरफोन बरे.

रविवारी सकाळी इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे-जिलबी आणि रात्री सराफा बाजारात खाणं अशी सवय असलेल्यांना थोडी पार्श्वभूमी लागेल. त्या काळच्या इंग्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं कायद्याने बंद. पब दुपारी मिटत ते संध्याकाळीच उघडत. लीगचे फुटबॉल सामने रविवारी होऊ लागले ते थेट १९७४ साली. पाऊस पडला की घरात बसण्यावाचून इलाज नव्हता. हे ठाऊक नसेल तर 'बाहेर का पडत नाहीत हे लोक?' हा प्रश्न सतावत राहतो.

केनेथ विल्यम्सने रंगवलेला शेजारी आला की भागाची गत बदलते. तो धमाल करतो यात वाद नाही, पण मुरलेला कंटाळा तिथे थोडा फुटतो. आमचं मत विचाराल तर पहिली दहा मिनिटं सरस. इंग्रजी उच्चारांची धास्ती असणाऱ्यांना हाच भाग सोपा: बोलणं सावकाश, दोन वाक्यांत भरपूर जागा, आणि शब्दांच्या कोट्या फारशा नाहीत. शोधताना एक जपा. याच नावाची दूरचित्रवाणी मालिकाही आहे. नुसतं 'हॅनकॉक' टाकलंत तर बहुतेक १९६१ चा 'द ब्लड डोनर' पुढे येईल. तोही उत्तम, पण तो डोळ्यांनी बघायचा.